झगमगरावाशेजारचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण भांग पाडायचा किंवा दाढी करायचा नव्हे बरं का! माझ्यासमोर बसून माणसं वेडीवाकडी तोंडं करतात, आणि तीही पोटापाण्यासाठी. चित्रं हलती करणं हा ज्यांचा धंदा, त्यांच्या टेबलावर माझ्यासारखा एक आरसा असतोच. चित्रातल्या सशाला दचकवायचं असेल तर आधी माणसानं स्वतः दचकायचं, भुवया कुठवर चढतात आणि तोंड किती उघडतं ते माझ्यात बघायचं, आणि मग कागदावर उतरवायचं. 'हातच्या काकणाला आरसा कशाला' असं कुणीतरी म्हणून ठेवलं आहे. काकणाला नसेल लागत. तोंडाला लागतो!

मी ताटलीएवढा, गोल. मागे वाकणारी लोखंडी मान आणि खाली टेबलाची कड पकडणारा चिमटा. कारखान्यात मला कापलं, माझ्या कडा घासल्या, पाठीवर चंदेरी लेप चढवला आणि एका दुकानात आणून टांगलं. लोक यायचे, केस नीट करायचे आणि काहीही न घेता जायचे. मग एक दिवस एक तरुण मुलगी आली. तिनं मला हातात घेतलं, जीभ बाहेर काढली, डोळे गरागरा फिरवले आणि गाल आत ओढले.

"ताई, बरं वाटत नाहीये का?" दुकानदारानं घाबरून विचारलं.

"मी मजेत आहे हो. आरसा तपासतेय," ती म्हणाली आणि मला घेऊन गेली.

तिची नोकरी एका लांबलचक खोलीत होती. तिथे उतरत्या टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलात मधोमध दुधी काच आणि काचेखाली दिवा. त्या उजेडावर कागदावर कागद ठेवला की खालचं चित्र वर दिसायचं. मोठे चित्रकार मुख्य चित्रं काढायचे. हात खाली, हे एक चित्र. हात वर, हे दुसरं. खालून वर जाताना हात जिथे जिथे असेल, ती मधली सगळी चित्रं काढायची हिनं. खरं तर राबणं सगळं त्या मधल्या चित्रांतच. पण ससा कोणाचा, असं विचारलं तर बोट जायचं मोठ्या चित्रकाराकडे.

मधली चित्रं काढायला आरसा लागत नाही, मित्रांनो. तरीही तिनं मला पदरमोड करून आणलं होतं. कधीतरी आपल्यालाही एखादं पात्र मिळेल, अख्खं, आपलं स्वतःचं, तेव्हा चेहऱ्याला सवय असलेली बरी, असं तिला वाटायचं. चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की ती माझ्यासमोर बसून राक्षस व्हायची, राणी व्हायची, शिंक अडकलेला उंट व्हायची. मला ती जीव की प्राण होती. पण शेजारच्या टेबलावरचा आरसा मोठ्या चित्रकाराचा! त्याच्यापुढे दिवसभर खरीखुरी माकडं आणि खरेखुरे राजे घडायचे, आणि येणारे-जाणारे थांबून वाहवा करायचे. माझ्या वाट्याला फक्त चहाची सुट्टी. जळायची सवय मला तिथेच लागली.

मग त्या खोलीत संगणक आले. पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र द्या, मधलं आम्ही बघून घेतो, असा त्यांचा बाणा. थोड्याच दिवसांत टेबलं उचलायला माणसं आली. तिनं मला टॉवेलात गुंडाळलं, घरी आणलं आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं. ती एका छापखान्यात लागली. साबणाची आणि औषधांची जी खोकी असतात ना, त्यांच्यावरची चित्रं आणि खोकं कुठे दुमडायचं त्या तुटक रेषा ती आता आखते. मी खणात किती काळ होतो ते मला सांगता येणार नाही. अंधारात आरसा म्हणजे नुसती काच. कुणी समोर येईना, मलाही काही सुचेना.

एके दिवशी खण उघडला. टॉवेल सोडला तर समोर एक पोरगी! दोन वेण्या, तोंडात पेन्सिल.

ही तिची भाची. भावाची मुलगी. भाऊ, वहिनी, भाची आणि ती असे सगळे एकाच घरात राहतात. पोरगी लहानपणापासून पेन्सिलींची बुडं कुरतडते, म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणतात. आणि माझ्या मालकिणीला खारू म्हणते आत्या, म्हणून मीही आता आत्याच म्हणतो. खारू वह्यांच्या कोपऱ्यांत चित्रं काढायची, आणि पानं भराभर उलटली की त्यातला माणूस पळायचा. ते आत्यानं पाहिलं आणि मला बाहेर काढलं. खारूच्या टेबलाला चिमटा घट्ट करताना ती म्हणाली, "घे. हा आता तुझा." तेव्हा ती हसत होती. मी नीट पाहिलं होतं.

ते दिवस काय वर्णावे! खारू शाळेतून आली की दप्तर भिरकावायची आणि माझ्यासमोर तोंडं करायची. रागावलेली मांजर, झोपाळू पोलीस, लिंबू चाखलेलं बाळ. इतकी वर्षं जे पाहायला मी तरसलो होतो, ते सगळं आता फक्त माझ्यासाठी. माझ्या काचेवर तिच्या नाकाचे ठसे असायचे. मी पुसून घ्यायला तयार नव्हतो.

आणि मग आला झगमगराव.

खारूचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. एका संध्याकाळी ते भलंमोठं खोकं उचलून आणताना चक्क शीळ घालत होते. खोक्यातून निघाला संगणक. रुंद, पातळ, चकाचक. सोबत एक काळी पाटी आणि पाटीवर चालणारं पेन. या पेनानं पाटीवर रेघ ओढली की ती उमटणार पडद्यावर. खारूनं उड्या मारल्या. आई म्हणाली, "अभ्यासालाही लागेल म्हणून घेतलाय हं, नुसत्या चित्रांसाठी नाही." आणि मला, ज्याला आत्यानं स्वतःच्या हातानं मधोमध बसवलं होतं त्याला, सरकवून थेट डाव्या कोपऱ्यात लावलं. मी त्याचं नाव झगमगराव ठेवलं ते त्याच दिवशी.

तुम्ही म्हणाल, नव्याचे नऊ दिवस. मीही तसंच म्हणून मनाची समजूत घातली. कसले नऊ दिवस! खारू रविवारी सकाळी संगणकावरची हलती चित्रं शिकायला जाऊ लागली, आणि उरलेला आठवडाभर झगमगरावाच्या तोंडाला तोंड लावून बसू लागली. माझं तोंड खारूकडे, त्यामुळे त्याच्या पडद्यावर काय चाललंय ते मला दिसत नाही. मला दिसतो फक्त तिचा चेहरा, आणि त्यावर पडलेला त्याचा उजेड. ती हसते, पण माझ्याकडे बघून नाही. ती डोळे विस्फारते, पण माझ्यासाठी नाही. वर कहर म्हणजे तो बंद असला की त्याच्या काळ्या काचेतही चेहरा दिसतो म्हणे! म्हणजे माझं काम त्याला येतं आणि त्याचं मला येत नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लपवत कशाला? मी जळत होतो. सकाळ-संध्याकाळ जळत होतो. खारू माझ्या मानेला इअरफोन टांगायची, आणि गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते असं, असं म्हणत मी ते सांभाळायचो.

आता मी तुम्हाला सांगणार आहे तो आठवडा.

शिकवणाऱ्या सरांना मुलं टोपीवाले सर म्हणतात, कारण त्यांचं डोकं अजून कोणी पाहिलेलं नाही. त्या रविवारी सरांनी एक डबा फिरवला. प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची, तिच्यात एक भावना लिहिलेली, आणि ती भावना न बोलता दाखवणारी एक चिमुकली फिल्म शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची. शनिवारी शाळेच्या सभागृहात, सगळ्या पालकांसमोर, मोठ्या पडद्यावर ती दाखवणार. खारूच्या मैत्रिणीला 'आनंद' मिळाला. खारूला मिळाला 'मत्सर'.

"मत्सर म्हणजे जळणंच ना?" तिनं घरी येऊन विचारलं.

"जळणंच," आई म्हणाली. "आणि या आठवड्यात सोमवारी विज्ञानाची चाचणी आहे, मंगळवारी रिलेचा सराव, बुधवारी भाषण, गुरुवारी गणिताचा पेपर. ते कोण करणार, मत्सर?"

खारूनं ते सगळं पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांवर लिहिलं आणि चिठ्ठ्या कुठे लावल्या असतील? माझ्या तोंडावर! मित्रांनो, झगमगरावाच्या पडद्याला बोट लागलं तरी ती फडकं शोधते, आणि माझ्या तोंडावर विज्ञान, रिले, भाषण, गणित. गणिताची चिठ्ठी तर अशी लावली की खारूच्या खांद्यामागचं दारही मला दिसेना. माझ्या वाट्याला उरली फक्त मधली थोडीशी काच.

ती काम करताना स्वतःशी बडबडते, त्यावरून मला कळलेली तिची गोष्ट साधी होती. दोन गोळे. शिकाऊ मुलं आधी गोळेच हलवतात. एका गोळ्याला लाल टोपी मिळते, तो आनंदानं उड्या मारतो. दुसरा बघतो, आणि जळतो. बस्स, एवढंच.

सोमवारी विज्ञानाची चाचणी देऊन आली, चिठ्ठी काढली, आणि टोपीवाला गोळा उड्या मारू लागला. मंगळवारी रिलेत पडून गुडघा फोडून आली, मलम लावता लावता तिनं टोपीचा रंग भरला. दुसऱ्या गोळ्याचा चेहरा मात्र तिनं केलाच नाही. झगमगरावाच्या पोटात म्हणे तयार चेहऱ्यांची अख्खी पेटी आहे. त्यातला एक तिनं उचलला आणि गोळ्याला चिकटवला. मला कुणी विचारलं? छे!

बुधवारी भाषण आटोपून ती सरांना काम दाखवायला गेली. परत आली ती तोंड पाडूनच. आईला सांगत होती ते मी ऐकलं.

"सर म्हणाले, हा चिडलाय. हा जळत नाहीये. याची टोपी कुणीतरी पळवल्यासारखी वाटतेय."

"मग जळतो तो चिडतोच की," आई म्हणाली.

"मी पण तेच म्हटलं. तर सर म्हणाले, जळणारा माणूस चिडत नाही गं, तो अभिनंदन करतो."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! गेला का झगमगराव तोंडघशी? तयार चेहऱ्यांची पेटी म्हणे! खारू आता माझ्याकडे येणार याची मला खात्री होती. पण तिनं काय करावं? झगमगरावाच्या कपाळावर एक बारीक कॅमेऱ्याचा डोळा आहे, तो उघडला आणि स्वतःचं तोंड त्याच्यात बघत बसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत आणि मस्तकही नाही, तरी गेली. पण त्या कॅमेऱ्याची एक गंमत आहे. डोळा वर आणि चित्र खाली. चित्राकडे बघावं तर नजर पडलेली दिसते, आणि डोळ्यात बघावं तर चित्र दिसत नाही. नजरेला नजर भिडतच नाही. ती फक्त आरशात भिडते. बराच वेळ खटपट करून खारू "शी!" म्हणाली, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

मी कोपऱ्यातल्या कोपऱ्यात लख्ख झालो.

पण जमेना हो! तिनं ओठ काढले, ते रुसणं झालं. डोळे बारीक केले, तो संशय झाला. नाक फेंदारलं, तर जणू काहीतरी करपल्याचा वास आला. बिचारीला जळताच येत नव्हतं. वर्गातली हुशार, घरात एकुलती एक, सगळ्यांची लाडकी. कुणावर जळावं अशी वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. आणि मी, जळण्यात हयात घालवलेला, तिच्या पुढ्यात बसून होतो आणि मला स्वतःचं तोंड नव्हतं.

गुरुवारी गणिताचा पेपर झाला. खारू आली ती "सुटले बाबा!" म्हणत, आणि माझ्या तोंडावरची गणिताची चिठ्ठी ओढून तिनं चुरगळून टाकली. कितीतरी दिवसांनी मला तिच्या खांद्यामागचं दार दिसलं. तिनं एक कळ दाबली, झगमगरावावर टोपीवाला गोळा पुन्हा उड्या मारू लागला, आणि ती माझ्याकडे तोंड करून जळण्याचा सराव करायला बसली.

एवढ्यात आत्या आली. छापखान्यातून त्या दिवशी लवकर सुटली होती. हातात चहाचा कप. ती दारातच थांबली आणि खारूच्या डोक्यावरून झगमगरावाकडे बघू लागली.

"मस्त उडतोय गं. मधली चित्रं कधी काढलीस इतकी?"

"मी कुठे काढली, आत्या?" खारू माझ्यात बघत, गाल फुगवत म्हणाली. "मी पहिलं आणि शेवटचं काढलं. मधली सगळी तो आपोआप काढतो. एक कळ दाबायची फक्त!"

आत्याचा चेहरा मला दिसत होता. खारूच्या खांद्यावर, माझ्या वरच्या उजव्या अंगाला. आधी तिची एक भुवई किंचित वर गेली आणि तिथेच राहिली. डोळे मोठे झाले नाहीत की बारीक झाले नाहीत, ते नुसते त्या पडद्याला चिकटले. ओठ आत ओढले गेले. मग तिला आठवलं असावं की आपण या मुलीची आत्या आहोत, आणि मग हसू आलं. पण ते नुसतं ओठांवर आलं. वरचा अर्धा चेहरा तसाच राहिला.

"छान झालंय," आत्या म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर ते अगदी तसंच असतं. इतके दिवस मला वाटत होतं, या घरात जळणारा मी एकटा. आत्यानं सगळं केव्हाच सोडून दिलंय, ती खोक्यांच्या रेषा आखण्यात सुखी आहे, असं मी धरून चाललो होतो. तिनं मला खारूच्या टेबलाला लावलं तेव्हा ती हसली होती ना! ते हसू कुठपर्यंत पोचलं होतं, हे मी तेव्हा नीट बघायला हवं होतं. आणि गंमत बघा, चेहरे करायला स्वतः विकत आणलेला आरसा समोर लावलेला, पण बाई नेमकी तोच विसरली.

खारूनंही ते पाहिलं.

तिनं फुगवलेले गाल हळूच सोडले. ती मागे वळली नाही. आत्या कप घेऊन निघून गेली तरी ती माझ्यातल्या रिकाम्या दाराकडे बघत राहिली. तिला वाईट वाटलं का? मी तिच्या पुढ्यातच होतो, म्हणून खरं ते सांगतो. आधी तिला आनंद झाला. सापडलं! तिचा हात आपसूक पेनाकडे गेला, आणि जेवायला हाका येईपर्यंत ती पाटीसमोरून उठली नाही. वाईट वाटलं ते नंतर, पण ते बरंच नंतर.

शुक्रवारी ती शाळेतून आली आणि तिनं तो नवा चेहरा सरांना बघायला पाठवला. सरांचा फोन लगेच आला. फोन स्पीकरवर होता.

"अगं, हा जळतोय! अक्षरशः धूर निघतोय त्याच्यातून! कुठे मिळालं तुला हे तोंड?"

"असंच, सर," खारू म्हणाली.

"शाब्बास. थोडं स्वच्छ कर आणि संध्याकाळी पक्की फाइल पाठव. उद्या सगळ्यात शेवटी तुझीच ठेवतो."

खारू फोन ठेवून नाचली. ती नाचत असतानाच आईनं स्वयंपाकघरातून हाक दिली, "खारू, उद्या आत्याही येतेय हं! तुझी फिल्म बघायला मुद्दाम रजा टाकलीय तिनं."

नाच थांबला. खारू खुर्चीत बसली, माझ्यासमोर. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. उद्या सभागृहभर माणसं, मोठा पडदा, त्यावर तो गोळा, आणि त्याच्या तोंडावर आत्याचं तोंड. मैत्रिणींना कळणार नाही, सरांना कळणार नाही. पण आत्याला? तिला तर अंधारातही कळेल. आणि तिला जागेवरून उठताही येणार नाही.

खारूनं पेन उचललं. पुटपुटत तिनं तो चेहरा काढून टाकला आणि पेटीतला चिडका चेहरा पुन्हा लावला. तिनं तो चालवून पाहिला, आणि तिचं तोंड कडू झालं. मग तिनं जुना परत आणला. पुन्हा काढला. पुन्हा आणला. ती पेन्सिल कुरतडू लागली. पाठवायची वेळ जवळ येत चालली होती, आणि हिचं आपलं ना धड इकडे, ना धड तिकडे.

मला काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, काढून टाक गं. एकदाची होऊ दे झगमगरावाची फजिती. पण त्याच वेळी असंही वाटत होतं की ते तोंड माझ्यात उमटलेलं होतं, कितीतरी वर्षांनी आत्याचं खरंखुरं तोंड, आणि ते पुसून जाऊ नये. दोन्ही एकदम वाटत होतं.

बाहेरचं दार वाजलं. आत्या आली होती. खारू उठली, परत बसली, परत उठली.

"आत्या, जरा येतेस? एक दाखवायचंय. पण रागावणार नाहीस ना?"

"काय फोडलंस?" आत्या चपला काढत म्हणाली.

"फोडलं नाही काही. तू ये तर."

आत्या आली आणि खारूच्या मागे उभी राहिली, कालच्याच जागी. खारूनं कळ दाबली. तिनं झगमगरावाकडे पाहिलंच नाही. ती माझ्यात बघत होती, आत्याकडे. मीही आत्याकडेच बघत होतो.

पडद्यावर टोपीवाला गोळा उडत असणार, कारण आत्याच्या तोंडावर नेहमीचं कौतुक होतं. मग दुसऱ्या गोळ्याची पाळी आली. आत्याचं कौतुक गळून पडलं. तिचा हात नकळत वर गेला आणि तिनं स्वतःच्या भुवईला बोट लावलं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

खारूनं पुन्हा लावलं.

"ही मी आहे."

"सॉरी आत्या." खारूचा आवाज फुटला. "काल तू आरशात दिसलीस. मी मुद्दाम नाही बघितलं. मी काढून टाकते, आत्ता काढते, उद्या लावत नाही मी—"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. खणातून काढल्यापासून तिनं माझ्यात असं कधीच पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरले होते, आणि कान लालबुंद झाले होते.

"काढू नकोस," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण चुकलंय ते."

"काय चुकलंय?"

"हसू फार लवकर आलंय. भुवई वर गेली की थांबव तिला. अजून दोन-तीन चित्रं नुसती थांबव. इतक्या चटकन हसता येत नाही गं माणसाला. सरक."

खारू खुर्चीत अर्ध्यावर सरकली आणि उरलेल्या अर्ध्यावर आत्या बसली. तिनं माझी मान धरली आणि मला कोपऱ्यातून ओढून दोघींच्या समोर घेतलं.

"बघ. आधी भुवई." तिची भुवई वर गेली. "आता थांब. इथे माणूस हिशेब करत असतं. आपण इतकी वर्षं मधली चित्रं काढली, आपल्याला एक गोळासुद्धा मिळाला नाही, आणि हिला आठवड्यात मिळाला. मधली चित्रंही आपोआप. हे सगळं इथे चाललेलं असतं. दिसतंय?"

"दिसतंय," खारू अगदी हळू म्हणाली. तिचं पेन चालू होतं, आणि गालावरून पाणी वाहत होतं.

"रडतेस काय? पेन चालव. आता ओठ आत. इथे माणसाला आठवतं, की ही आपलीच पोर आहे. आणि आता, सावकाश, हसू."

आत्या हसली. पण या वेळी ते हसू ओठांवर थांबेना. ते गालावर आलं, डोळ्यांत गेलं, भुवई खाली आली आणि सगळाच चेहरा बिघडला.

"छ्या! हे नको. हे खरं आलं," आत्या म्हणाली. "पुन्हा करते."

तिनं पुन्हा केलं, पुन्हा बिघडलं. मग खारूला हसू फुटलं, आणि त्या दोघी एका खुर्चीत एकमेकींवर रेलून इतक्या हसल्या की आई ओल्या हातांनी बघायला आली. चौथ्या-पाचव्या खेपेला कुठे आत्याला नीट जळता आलं. पक्की फाइल सरांकडे अगदी शेवटच्या क्षणी पोचली.

शनिवारी सगळे सभागृहात गेले. मला कोण नेणार? मी आणि झगमगराव दिवसभर एकमेकांशेजारी गप्प बसलो. ते आले तेव्हा आत्याच सगळ्यांत आधी खोलीत शिरली, आणि मागून येणाऱ्या बाबांना म्हणत होती, "अरे, माझ्या तोंडाला हसले रे सगळे! अख्खं सभागृह!" मी आत्याला इतक्या वर्षांत इतकी फुशारलेली पाहिलेली नाही.

ती फिल्म मी अजून पाहिलेली नाही, आणि पाहणारही नाही. झगमगराव अजूनही माझ्या डोळ्यात खुपतो. नवा उजेड नव्या तोंडावर पडला की माझ्या पोटात अजूनही दुखतं. जित्याची खोड, जाणार कशी? पण आता संध्याकाळी टेबलाशी दोन खुर्च्या असतात, आणि मी मधोमध असतो.

मित्रांनो, जाता जाता म्हाताऱ्याचं दोन शब्दांचं मागणं ऐका. घरात जुना आरसा असेल तर त्याला मऊ, कोरड्या फडक्यानं पुसा, त्याच्या पाठीवर पाणी जाऊ देऊ नका, आणि कृपा करून त्याच्या तोंडावर गणित चिकटवू नका. आणि त्याच्यात स्वतःचं तोंड बघून झालं, की जरा खांद्यावरून मागेही बघत जा. तिथे घरातलं कुणीतरी उभं असेल आणि तुमचं काम बघून 'छान झालंय' म्हणत असेल. त्याचं हसू थोडं उशिरा आलं, तर त्याच्यावर रागावू नका. थोडं सरका आणि त्याला बसायला जागा द्या.